पाचवा डबा

ती मांडणी मी दोन दिवसांत केली. खरं तर एका दिवसाचं काम होतं. पण शेजारच्या लिंगराजआप्पांच्या परसातली भिंत कच्च्या विटांची निघाली, खिळा धरेना, म्हणून चार पाय लावून मांडणी जमिनीवर उभी करावी लागली. लोखंडी अँगल जुने, माझ्याकडेच पडलेले. चार डबे बसतील अशा चार चौकटी. डबे आप्पांच्या किराणा दुकानातले, तेलाचे, पंधरा किलोचे. झाकणं कापून पत्र्याच्या कडा मी हातोडीने आत वळवल्या. कापल्या तशाच सोडल्या असत्या तर तासभर वाचला असता. पण त्या डब्यांत रोज हात कोण घालणार, हे मला तेव्हाच दिसत होतं. शांतम्मावहिनी, आप्पांच्या पत्नी.

मांडणी सांगितली होती त्यांच्या मुलीने, शिवरंजनीने. घरात तिला रंजू म्हणतात. एकुलती एक. इथल्याच कृषी विद्यापीठात शिकली. शिकून आली ती घरातला कचरा वेगळा करायचं वेड घेऊन. ओला, कागद, प्लास्टिक, काच-पत्रा असे चार डबे. ओल्याचं खत करायला शेजारी निळा ड्रम, त्याला मी गिरमिटाने साठ भोकं पाडली. काम झाल्यावर तिने लाल ऑइलपेंटने चारही डब्यांवर नावं लिहिली. अक्षर ठसठशीत, उजवीकडे थोडं कललेलं. मी म्हणालो, "रंजू, रेषा मारून लिवायचं होतं."

"काका, कचऱ्याला कशाला सरळ रेषा?" ती म्हणाली आणि ब्रश माझ्या बनियनला पुसला.

माझं सांगायचं तर मी परभणीच्या एका जिनिंग कारखान्यात चौतीस वर्षं कापसाच्या गाठींच्या प्रेसवर होतो. कापसात कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस किती, पाला किती, हे हाताला कळायचं. एखाद्या गाठीत सुतळीचा एवढासा तुकडा निघाला तर अख्खी गाठ परत यायची. त्यामुळे रंजू सांगायची ते मला पटायला वेळ लागला नाही. वेगळं करायचं तर मुळात, हातात असतानाच. एकदा मिसळलं की मेहनत दहापट.

शांतम्मावहिनींना मात्र ते पटलं नव्हतं. त्यांचं माहेर बिदरकडचं. घर आरशासारखं ठेवणारी बाई. "घरातला उकिरडा बाहेर टाकायचा असतो, हिनं चार करून ठेवलेत," असं त्या मला ऐकवायच्या, मीच तो उकिरडा बांधून दिला म्हणून. दुधाची रिकामी पिशवी धुऊन दोरीवर वाळत घाल म्हटलं की त्या ती मुद्दाम ओल्याच्या डब्यात टाकायच्या. रंजू काढायची, धुवायची, दोरीला लावायची. पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, टोक पिशवीलाच लटकलेलं राहिलं पाहिजे, नाहीतर ते एवढंसं टोक मातीत जातं आणि कुणाच्याच हाती लागत नाही, हा तिचा नियम. वहिनी दररोज टोक कापून टाकायच्या. असं चार महिने चाललं.

मग श्रावण आला.

आप्पांच्या घरी रोज इष्टलिंगाची पूजा असते. बेल, फुलं, भस्म. दुसऱ्या दिवशी ते निर्माल्य कुठंही टाकत नाहीत. आप्पा ते आठवडाभर जमवायचे आणि सोमवारी स्कूटरवरून पेडगावला, त्यांच्या शेतातल्या विहिरीत सोडायचे. पाऊस असो, ताप असो. दुकान उघडायला उशीर झाला तरी चालेल, पण सोमवारची फेरी चुकली नाही. त्यांच्या वडिलांचंही असंच होतं.

त्या श्रावणी सोमवारी रंजूने निर्माल्य खताच्या ड्रममध्ये टाकलं. भाजीचे देठ, खरकटी पोळी, चहाचा चोथा, त्याच्यावर बेल.

मी तेव्हा ड्रमचं झाकण बसवायला गेलो होतो, म्हणून सगळं समोर घडलं. आप्पा ओरडले नाहीत. बाही वर केली, ड्रममध्ये हात घातला आणि एकेक पान वेचून बाहेर काढलं. प्रत्येक पान धुतलं. त्याला पाऊण तास लागला. मग म्हणाले, "देवाचं आन् उष्टं एकाच ड्रममधी? तुला कचराच करायचा आसंल तर ह्या उंबऱ्याच्या भाईर कर."

रंजू म्हणाली, "तेच करायलेय, आप्पा."

तिच्या हातात नोकरीचं पत्र आधीच होतं. नाशिककडे एक संस्था आहे, कचरा वेचणाऱ्या बायांची. तिथे हिशेबनिसाचं नव्हे, वर्गीकरणाच्या शेडवर उभं राहायचं काम. उदगीरच्या एका चांगल्या घरचं स्थळ आलेलं. दुकानदाराची शिकलेली मुलगी कचऱ्याच्या शेडवर उभी राहणार, हे आप्पांना सोसणारं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती गेली. वहिनींना सांगून गेली, "आप्पांनी बोलावल्यावर येईन." आणि आप्पा म्हणाले, "जाणाऱ्याला कोण बोलवतं?"

बाप-लेक एकाच पोत्यातले. कोण आधी वाकणार हा प्रश्न होता आणि दोघांनाही वाकता येत नव्हतं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात डोकावलो. वहिनी दुधाची पिशवी धूत होत्या. कोपरा कापलेला, टोक पिशवीला लटकलेलं. पिशवी त्यांनी दोरीला लावली, चिमटा लावला आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

त्या दिवसापासून आजवर पाच वर्षं झाली. त्या मांडणीत एकदाही चूक झालेली मी पाहिली नाही.

मी कष्टाचा माणूस आहे, दुसऱ्याच्या कष्टाचं माप घेतल्याशिवाय राहत नाही. सकाळी दुधाच्या दोन पिशव्या, तीन पाण्यांनी धुणे. बिस्किटाच्या पुड्याचा कागद आतून चकचकीत असेल तर तो कागद नव्हे, प्लास्टिक. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटातून ॲल्युमिनियम वेगळं. लग्नपत्रिकेवरचा चिकटलेला गणपती नखाने खरवडून काढणे. ड्रममधलं खत दर चौथ्या दिवशी फावड्याने वरखाली करणे, ते जड असतं, चाळीस किलो तरी. बाईचं वय साठ, गुडघे दुखतात. दिवसाचा दीड तास. कुणी सांगितलेलं नाही, कुणी बघायला नाही.

गल्लीत थट्टा व्हायची. समोरच्या कमलबाई गॅलरीतून म्हणायच्या, "शांतम्मा, कचऱ्याला रोज आंघोळ घालायलीस. नवऱ्याला घालती का गं?"

"नवरा पुन्ना वापरात येत न्हाई, कमलबाई," वहिनी म्हणायच्या. "पिशवी येती."

भंगारवाला गुरुवारी यायचा. तो सांगायचा, परभणीत एवढा स्वच्छ माल त्याला कुठं मिळत नाही. वहिनी त्याला विचारायच्या, "हे इथून कुठं जातं?" तो म्हणायचा औरंगाबाद, पुणे, कुठं कुठं. "नाशिकला जातं का?" एकदा त्याला दया आली असावी, म्हणाला, "जातं की, बाई." तेव्हापासून गुरुवारचा माल बांधताना त्या पिशव्यांच्या घड्या घालायला लागल्या. इस्त्रीच्या कपड्यांसारख्या.

फोन व्हायचा. रविवारी, आप्पा दुकानात असताना. रंजू विचारायची खत झालं का, वास येतो का, कोरडी पानं टाकतेस ना. आई-लेक कचऱ्यावर अर्धा तास बोलायच्या. शेवटी वहिनी विचारायच्या, "कधी येतीस?" तिकडून काय उत्तर यायचं ते मला ऐकू यायचं नाही, पण फोन ठेवल्यावर वहिनी उठून डब्यांकडे जायच्या आणि आधीच नीट असलेलं पुन्हा नीट करायच्या.

त्यांना एकच हवं होतं. आप्पांनी एकदा तिला ये म्हणावं. त्यासाठी त्या भांडल्या नाहीत. अबोला धरला नाही. तिने लावून दिलेलं घरात चालू ठेवलं, रोज, आप्पांच्या डोळ्यांसमोर. आप्पा त्या मांडणीजवळून जाताना मान दुसरीकडे करायचे. पण मी पाहिलंय, दुकानातून आणलेल्या वस्तूचा कागद ते खिशात ठेवायचे आणि कुणी नसताना कागदाच्या डब्यात टाकायचे. बरोबर डब्यात.

तिसऱ्या वर्षी अक्षरं उडायला लागली. मांडणी पश्चिमेला तोंड करून होती, उन्हाळ्यात दुपारनंतर भट्टी. लाल रंग आधी गुलाबी झाला, मग कडेने सुटायला लागला. वहिनी माझ्याकडे आल्या.

"आसारामभाऊ, ह्याच्यावरून गिरवून देता का? रंग आन् ब्रश आणलाय मी."

मी डबा हातात घेऊन पाहिला. गिरवणं अवघड नव्हतं. पण म्हणालो, "वहिनी, मी गिरवलं तर ते माझं अक्षर होतंय. खाली तिचं राहील, पण दिसणार माझं."

त्यांनी ब्रश परत घेतला. "मग ऱ्हाऊ द्या."

रंगाची डबी त्यांनी माझ्याकडेच ठेवली. मी मांडणी उचलून समोरच्या भिंतीला, पूर्वेला तोंड करून नेली. एकट्याने. डबे काढले, चौकटी सुट्या केल्या, पाय पुन्हा समतल बसवले. अडीच तास गेले. आता तिच्यावर फक्त सकाळचं ऊन येतं. प्लास्टिकमधला 'प्ला' अजून वाचता येतो, ओल्याचं काही राहिलेलं नाही.

यंदाच्या वैशाखात पेडगावची विहीर आटली नव्हती, तरी मोटर पाणी ओढेना. वर काढून पाहिली तर पाइपच्या तोंडाची जाळी बंद झालेली. प्लास्टिकच्या पिशव्या, चिखलाने माखलेल्या. आप्पा म्हणाले, वाऱ्याने आल्या असतील, शेजारच्या शेतातून. जाळी साफ केली, आठ दिवसांत पुन्हा तेच. मग त्यांनी गाळ काढायचं ठरवलं. झरी गावची चार माणसं आणि यारी, म्हणजे विहिरीवर उभी करायची गाळ ओढायची क्रेन. देखरेखीला मला नेलं. "तुझ्या डोळ्यासमोर काम झालं म्हंजे चोख होतंय," असं म्हणाले. ते खरं आहे.

पहिल्या दहा खेपा नुसता गाळ. काळा, लोण्यासारखा. अकराव्या खेपेपासून पिशव्या यायला लागल्या. एक-दोन नव्हे, टोपलं भरून. खाली उतरलेला दत्ता, तरणाबांड गडी, तो ओरडला, "आप्पा, हितं खाली दुकान टाकलंय का तुमी?"

वरचे हसले. मी एक पिशवी उचलली. तोंडाला गाठ होती. आप्पांची गाठ कुणीही ओळखतो. पिशवीच्या तोंडाला बोटाभोवती एक पीळ, शेपूट खालून ओढलेलं, एका हाताने मारलेली. साखर असो, डाळ असो, ती गाठ सुटत नाही, पिशवी फाडावी लागते. चाळीस वर्षं परभणीतल्या बायका त्यावरून आप्पांना बोलतात.

मी ती पिशवी आप्पांच्या हातात दिली.

पूर्वी, वडिलांच्या काळी, निर्माल्य कापडाच्या झोळीत नेऊन पाण्यात रिकामं करायचे. आप्पांनी दुकानातली पिशवी घेतली, ती हाताशी होती म्हणून. स्कूटरवर सांडू नये म्हणून गाठ मारली. आणि विहिरीवर गेल्यावर गाठ सुटत नाही, फाडली तर फुलं उडतात, म्हणून तशीच सोडली. एक सोमवार तशीच, मग पुढचे सगळे. वीस-बावीस वर्षं.

आत पानं कुजून काळी झाली होती, तरी बेलाचे देठ ओळखू येत होते. काही पिशव्यांत भस्माची गोळी तशीच.

आप्पा काठावर बसले. म्हणाले, "मी समजत होतो, पाण्याला दिलं."

वहिनी दुपारची भाकरी घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो ढीग पाहिला. पाटी खाली ठेवली. दत्ता विळ्याने एक पिशवी फाडायला निघाला तशा त्या म्हणाल्या, "फाडू नका. फाटलेली घेत न्हाईत. रंजू म्हणती."

पाच वर्षांत आप्पांच्या समोर त्यांनी ते नाव पहिल्यांदा घेतलं.

"मग सोडायची कशी, काकू?" दत्ता म्हणाला. "ही गाठ देवाच्या बापाला सुटायची न्हाई."

त्याने प्रयत्न केला, मी केला. माझ्या बोटांनी चौतीस वर्षं गाठींची तार ओढली आहे, मला जमलं नाही. ओली गाठ, आत चिखल बसलेला. आम्ही तिघं-चौघं नखं मोडत बसलो. आप्पा बघत होते. मग पुढे सरकले, माझ्या हातातली पिशवी घेतली, अंगठ्याने शेपूट मागे सारलं, पीळ उलटा फिरवला. सुटली.

पुढची घेतली. सुटली.

माणसांनी गाळ काढायचं काम चालू ठेवलं, आणि आप्पा संध्याकाळपर्यंत त्या एकाच जागी बसून होते. ते गाठ सोडायचे, वहिनी आतलं बांधावरच्या बेलाच्या झाडाच्या बुडाशी रिकामं करायच्या आणि उपसलेल्या पाण्यात पिशवी धुवायच्या. तीन पाण्यांनी. मी मोजायला लागलो ते सवयीने. तीनशे बारा भरल्या तोवर उजेड गेला; खोल गाळात राहिल्या त्या राहिल्या. आप्पांच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. पासष्टाव्या वर्षी एवढं काम त्यांनी कधी केलं असेल असं मला वाटत नाही. चोख केलं. एकही पिशवी फाटली नाही.

दुसऱ्या दिवशी परसातल्या दोऱ्या पुरल्या नाहीत, मी आणखी तीन बांधून दिल्या. कमलबाई गॅलरीत आल्या, पिशव्या बघितल्या आणि आत गेल्या.

आप्पा दारात उभे राहून पिशव्यांकडे बघत होते. वहिनींना म्हणाले, "ती निर्माल्याचं काय म्हणायली व्हती तवा? वायलं ठिवायचं, का कसं?"

"मला न्हाई आठवत," वहिनी म्हणाल्या.

मी तिथेच होतो. त्या बाईला रंजूचा शब्दन्‌शब्द आठवतो. दुधाच्या पिशवीचा कोपरा विसरली नाही ती हे विसरेल?

"तिलाच इचारा," वहिनींनी फोन पुढे केला. आप्पांनी तो घेतला नाही. दुकानात निघून गेले.

आठ दिवस पिशव्या दोरीवर होत्या. वाळल्या तरी वहिनींनी काढल्या नाहीत. गुरुवारी भंगारवाला आला, त्याला म्हणाल्या, "ह्या तुला न्हाईत."

नवव्या दिवशी सकाळी आप्पा माझ्या घरी आले. हातात तेलाचा रिकामा डबा. "आसाराम, ह्याला भोकं पाड. निर्माल्याला. उष्ट्यात न्हाई मिसळायचं, ते मी अजून बी मानत न्हाई. वायलं खत करायचं आन् ते बेलालाच घालायचं." मग म्हणाले, "मांडणीला आजून एक चौकट बसती का बघ."

बसली. डावीकडे जागा होती. अँगल कापून, जोडून, घासून चार तासांचं काम. कडा आत वळवल्या. डबा ठेवला आणि आप्पा म्हणाले, "नाव टाक त्याच्यावर. रंग तुझ्याकडंच हाय म्हणं."

"मी पेंटर न्हाई, आप्पा."

"दोन अक्षरं टाकायला पेंटर कशाला लागतो?"

"नाव पोरीनं टाकलंय चारीवर. पाचवं माझ्या हातचं चांगलं दिसायचं न्हाई."

वहिनी चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची फक्त पाठ दिसत होती. ती अजिबात हलत नव्हती.

आप्पांनी पाचव्या डब्याकडे पाहिलं, मग बाकीच्या चारांकडे. त्यावर आता नाव म्हणावं असं फार उरलं नव्हतं. ते आत गेले, कोनाड्यातला फोन घेतला, आणि त्यांना नंबर लावता येईना म्हणून वहिनींनी लावून दिला.

"हां," आप्पा म्हणाले. "मी हाय." फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "डब्यावर नाव घालायचं ऱ्हायलंय."

तिकडून काहीतरी.

"पाचव्या."

पुन्हा काहीतरी.

"चार व्हते. आता पाच हायेत." आणि मग, "ये. नाव घालून जा."

फोन त्यांनी वहिनींच्या हातात दिला आणि परसात येऊन दोरीवरच्या पिशव्यांचे चिमटे काढायला लागले. मी विचारलं, "काय म्हणली?"

"बगते म्हणली. सुट्टी मिळंल तशी."

याला आता दोन महिने होत आले. शेडवर माणूस कमी आहे, ती रविवारी सांगते. पुढच्या महिन्यात बहुतेक. वहिनींनी तीनशे बारा पिशव्यांच्या घड्या घालून पोत्यात भरून ठेवल्या आहेत. तिच्या हाती द्यायच्या म्हणतात. आप्पा आता रोज सकाळी बेल पाचव्या डब्यात टाकतात आणि डब्याच्या कोऱ्या पत्र्यावरून एकदा हात फिरवतात, धूळ पुसल्यासारखा. सोमवारी पेडगावला अजून जातात. बेलाच्या झाडाला पाणी घालून येतात.

लाल रंगाची डबी माझ्याकडे आहे. दोन वर्षं जुनी, एकदाही न वापरलेली. ऑइलपेंट पडून राहिला की वरून साय धरतो आणि वाया जातो. मी डबी उलटी ठेवतो, म्हणजे साय तळाला धरते. दर आठवड्याला उघडतो, काडीने ढवळतो, पुन्हा घट्ट बंद करतो. काल पाहिलं. अजून पातळ आहे.